धरलं, पण सोडायचं कसं?

ॲडसॉर्प्शन म्हटलं की परीक्षेपुरता लँगम्यूर आठवतो. पण २०२१ च्या कोरोना लाटेत रुग्णालयांत बसवलेले पीएसए ऑक्सिजन प्लांट यावरच चालतात. दाबाखाली झिओलाइट हवेतला नायट्रोजन धरतो, ऑक्सिजन पुढे जातो. दाब उतरवला की नायट्रोजन सुटतो आणि बेड पुन्हा तयार! २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेलही एमओएफ या सच्छिद्र पदार्थांवरच्या कामाला मिळालं. आपले प्रोजेक्ट मात्र ‘करवंटीच्या कोळशाने पाण्यातला रंग किती शोषला’ इथेच थांबतात. मला विचाराल तर खरा प्रश्न पुढेच आहे. तो रंगानं भरलेला कोळसा टाकायचा कुठे? पाण्यातली घाण कोळशात गेली, एवढंच! बेड स्वस्तात, वारंवार रिकामा करता आला तरच या तंत्राला भविष्य. तेव्हा यंदा रिपोर्टमध्ये डिसॉर्प्शनचाही एक ग्राफ येऊ द्या.