ट्रकवरची ठिगळे

महामार्गावर पंधरा-वीस वर्षांचा ट्रक पुढे गेला, की तो कारखान्यातून असाच बाहेर पडला असावा, असे आपण धरून चालतो. तसे नसते. आपल्याकडे वर्षानुवर्षे ट्रक बहुधा चेसिस म्हणूनच विकला गेला. केबिन आणि हौदा ठिकठिकाणचे बॉडीवाले बांधून देत. मी बँकेत असताना कर्जप्रकरणाला दोन कोटेशने जोडलेली असत, एक चेसिसचे आणि दुसरे बॉडीचे. कर्ज मंजूर होई ते कागदावरच्या ट्रकला. वर्षभराने तपासणीला जावे, तर समोर निराळाच ट्रक उभा! मागच्या चाकांवर जास्तीचे पाटे, फाळक्यावर चढवलेल्या फळ्या, पुढे लोखंडी गार्ड आणि माथ्यावर दिव्यांची रांग.

यातली हौस दिव्यांपुरती. बाकीच्या ठिगळांमागे हिशेब असतो. भाडे बहुधा टनावर मिळते, हप्ता मात्र तारखेला भरावा लागतो. जास्त पाटे म्हणजे जास्त माल, आणि जास्त माल म्हणजे वेळेवर हप्ता.

पण पाटे वाढवल्याने ब्रेक वाढत नाहीत. चेसिसवर वाटेल तिथे वेल्डिंग केले की उष्णतेने त्या जागचे पोलाद कमजोर होते आणि तडा जोडाच्या कडेलाच जातो. जादा दिव्यांची वायर मूळ वायरला पीळ देऊन जोडतात. मग फ्यूज वारंवार उडतो, म्हणून त्या जागी जाड तार घालतात. फ्यूज उडत होता तो ट्रक वाचवण्यासाठी. तार ती सूचना देत नाही, ती तापते आणि पेट घेते.

हे सारे लावायला एक दुपार पुरते. काढायला आठवडा लागतो. गार्ड कापल्यावर वेल्डिंगची जागा घासून तडा आहे का ते पाहावे लागते. जास्तीचा पाटा काढला तर उरलेले पाटे बसलेले निघतात. त्यांना पुन्हा बाक द्यायचा, यू-बोल्ट नवे घालायचे. वायरिंग तर मुळापासून नव्याने ओढणेच शहाणपणाचे. या खर्चाने भाडे एक रुपयाही वाढत नाही, उलट खेपेला माल कमी बसतो. सुधारलेला ट्रक मालकाला गरीब करतो, ही खरी अडचण आहे.

कायदा स्पष्ट आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असे बदल करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळातील एका प्रकरणात तेच बजावले. आठ वर्षांवरील व्यावसायिक वाहनाला दरवर्षी फिटनेस तपासणी आहे. पण तपासणीपुरता उतरवलेला गार्ड पुन्हा चढवायला चार नट पुरतात. दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला, असे हे चालले आहे.

दुखणे आहे जादा मालात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला वीस हजार रुपये दंड आहे, शिवाय प्रत्येक जादा टनामागे दोन हजार. आणि तो केवळ चालवणाऱ्याला नाही, चालवायला लावणाऱ्यालाही आहे. प्रत्यक्षात नाक्यावर सापडतो तो ड्रायव्हर. माल भरून देणारा आपल्या गादीवर बसलेला असतो. दंडाची पावती त्याच्याही नावाने फाटू लागली, तर पाटे आपोआप उतरतील. बँकांनीही नव्या ट्रकला देतात तसे जुना ट्रक नीट करायला छोटे कर्ज द्यावे. वायरिंग आधी, मग चेसिस, मग पाटे, असा क्रम ठेवला तर ते आवाक्यातले काम आहे.

एक मात्र सांभाळावे. ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व जड ट्रकांत वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. जुन्या ट्रकचा ड्रायव्हर अजून तापलेल्या इंजिनाशेजारीच बसतो. त्याने लावलेला छोटा पंखाही ठिगळच आहे. तो काढू नये; नीट फ्यूज घालून तिथेच ठेवावा.