शाखेचा कोड आणि सीमाभागातील मराठी माणूस

एक काळ असा होता की, पुण्या-मुंबईला किंवा गोव्याला पोटासाठी गेलेल्या मुलाची मनिऑर्डर पोस्टमन दारात आणून देत असे. फॉर्मवर नाव अर्धवट असले, गावाच्या नावातला काना-मात्रा इकडचा तिकडे झाला, तरी पैसे योग्य घरी पोचत. कारण पोस्टमन माणसाला ओळखत होता. आज तोच मुलगा बँकेतून एनईएफटीने पैसे पाठवतो आणि बहुधा दोन-तीन तासांत ते खात्यावर जमा होतात. सोय झाली, यात वाद नाही. पण ही नवी व्यवस्था माणूस ओळखत नाही, गाव ओळखत नाही आणि भाषा तर नाहीच नाही. तिला कळतात ते फक्त अंक. आमच्या खानापूर, बेळगाव, निपाणी भागातल्या माणसाच्या हाती हे अंक येतात ते कन्नड आणि इंग्रजी कागदांच्या वाटेने. अडचण आहे ती नेमकी इथेच.

अकरा खुणांचा पत्ता

ज्याला बँकेत आयएफएससी कोड म्हणतात, तो म्हणजे शाखेचा पत्ता. त्यात एकूण अकरा खुणा असतात. पहिली चार इंग्रजी अक्षरे बँकेची. पाचव्या जागी नेहमी शून्य. शेवटच्या सहा खुणा त्या शाखेच्या. बहुतेक बँकांत या सहा जागी अंक असतात, पण काही बँकांत अक्षरेही असतात. बँक ऑफ बडोद्याच्या कोडात पुढेमागे अक्षरे आल्याने मधले शून्य हटकून इंग्रजी ‘ओ’ वाटते. तिथे ‘ओ’ लिहिला की कोड चुकलाच. पाचवी खूण शून्यच असते, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ चुका टळतील.

चेकच्या तळाशी छापलेला नऊ अंकी एमआयसीआर क्रमांक निराळा. तो चेक वटवण्याच्या कामाचा. तो सांगून पैसे येणार नाहीत.

नाव कोण पाहते?

पुष्कळांचा समज असा की, खाते क्रमांकात एखादा अंक चुकला तरी नाव जुळत नाही म्हणून बँक पैसे अडवील. हा समज महागात पडणारा आहे. रिझर्व्ह बँकेने २०१० मध्येच स्पष्ट केले की, अशा व्यवहारात रक्कम केवळ खाते क्रमांकावरून जमा करता येते. त्या चुकीच्या क्रमांकाचे खाते अस्तित्वातच नसेल, तर पैसे परत येतात. ठरल्या वेळेत ते जमाही झाले नाहीत आणि परतही आले नाहीत, तर बँकेने रेपो दरापेक्षा दोन टक्के जादा दराने भरपाई द्यायची असते. पण त्या क्रमांकाचे खाते दुसऱ्या कोणाचे निघाले, तर पैसे त्याच्या नावे जमा होतात. मग ते त्याच्या संमतीवाचून परत मिळवणे म्हणजे अर्जविनंत्यांची आणि हेलपाट्यांची लांब वाट.

यावर १ एप्रिल २०२५ पासून उपाय आला आहे. एनईएफटी आणि आरटीजीएसने पैसे पाठवण्यापूर्वी, खाते क्रमांक आणि शाखेचा कोड घातल्यावर खातेदाराचे नाव दाखवण्याची सोय बँकांनी द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. मोबाईलवर आणि इंटरनेटवर तर ती आहेच. शाखेत जाऊन पैसे पाठवणाऱ्यासाठीही आहे. तिला शुल्क नाही. काउंटरवर ‘साहेब, आधी नाव दाखवा’ असे म्हणणे म्हणजे उपकार मागणे नव्हे, तो ग्राहकाचा हक्क आहे. पण हक्क सांगणारा फलक वाचता आला तरच तो हक्क.

बँका बदलल्या, पासबुके तीच राहिली

आपल्या भागात सिंडिकेट, कॉर्पोरेशन आणि विजया या बँकांच्या शाखांत खाती असलेली घरे पुष्कळ. विजया बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोद्यात, तर १ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट बँक कॅनरात आणि कॉर्पोरेशन बँक युनियनमध्ये विलीन झाली. त्यांचे जुने कोड २०२१ मध्ये बाद झाले. धारवाडची कर्नाटक विकास ग्रामीण बँकही १ मे २०२५ रोजी कर्नाटक ग्रामीण बँकेत मिसळली.

इमारत तीच, कॅशियरही तोच; म्हणून म्हाताऱ्या माणसाला वाटते की आपले काहीच बदलले नाही. त्याचे पासबुक मात्र जुने असते आणि चंदगडच्या कारखान्याला ऊस घालताना त्याने दिलेला कोडही जुनाच असतो. बिल निघते, पैसे परत जातात आणि शेतकरी कारखान्याला बोल लावतो. म्हणून विलीन झालेल्या बँकेचे पासबुक नव्याने भरून घ्यावे आणि कारखाना, दूध संघ, मुलाचे कॉलेज, निवृत्तिवेतनाचे कार्यालय अशा प्रत्येक ठिकाणी नवा कोड लेखी कळवावा.

पतसंस्थेच्या खातेदारांनी तर अधिक जपावे. पतसंस्था ही बँक नव्हे; तिला स्वतःचा असा कोड नसतो. लहान सहकारी बँकाही पुष्कळदा मोठ्या बँकेच्या कोडावर काम चालवतात. अशा ठिकाणी कोणता कोड आणि कोणता क्रमांक द्यायचा, हे संस्थेकडून शिक्क्यानिशी लिहून घ्यावे.

तीन लिप्यांचा गोंधळ

आता भाषेचा प्रश्न. आमच्या घरातली वही मराठीत, बँकेचा फलक कन्नडमध्ये आणि कोड इंग्रजीत. मराठी एक हा घाईत इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि मराठी चार हा इंग्रजी आठसारखा. आईने वहीत टिपलेला खाते क्रमांक मराठी न येणाऱ्या कारकुनाने वाचला, तर तो कोणाच्या खात्यावर जाईल याचा नेम नाही. हा दोष आईचा नव्हे आणि कारकुनाचाही नव्हे. पण नुकसान होते ते आईचेच. तेव्हा खाते क्रमांक आणि कोड वहीतून उतरवून देऊ नका. पासबुकाच्या पहिल्या पानाची किंवा रद्द केलेल्या चेकची प्रत द्या.

नावाचेही तसेच. मराठी शाळेतले ‘लक्ष्मण’ कन्नड दप्तरातून इंग्रजीत गेले की त्याची निरनिराळी रूपे होतात. आडनाव कुठे आधी, कुठे शेवटी, तर कुठे गळलेलेच. नाव दाखवण्याच्या नव्या सोयीत बँकेच्या दप्तरात जसे असेल तसेच नाव दिसते. पुण्याचा मुलगा ते पाहून बिचकतो आणि पैसे थांबवतो. किंवा उलट, ‘आपल्याकडे असेच लिहितात’ म्हणून भलतेच नाव खपवून घेतो. आधार, पासबुक आणि सातबारा किंवा उतारा यांवरचे नाव एकसारखे करून घेणे हे आता केवळ दप्तरी सोपस्काराचे काम राहिलेले नाही.

फसवणुकीची वाट

विलीनीकरणाचा फायदा भामटेही घेतात. ‘तुमचा कोड बंद झाला आहे, नवा देतो, मोबाईलवर आलेला आकडा सांगा’ असा फोन आला, तर तो ठेवून द्यावा. शाखेचा कोड हे गुपित नाही. तो चेकवर छापलेला असतो आणि बदलला तरी त्यासाठी ओटीपी लागत नाही. पैसे घेण्यासाठी खाते क्रमांक, कोड आणि नाव एवढे पुरे. पिन किंवा ओटीपी मागणारा पैसे द्यायला आलेला नाही, न्यायला आलेला आहे. कोड शोधायचा तर पासबुकात, चेकवर, बँकेच्या किंवा रिझर्व्ह बँकेच्या यादीत. इंटरनेटवर सापडेल त्या पानावर नव्हे. मोठी रक्कम पाठवण्यापूर्वी एक रुपया पाठवून तो पोचल्याचे फोनवर विचारून घ्यावे. फसगत झालीच, तर उशीर न करता १९३० या क्रमांकावर कळवावे.

मागणी साधी आहे

रिझर्व्ह बँकेच्या ग्राहकसेवेच्या सूचनांनुसार बँकेतील फलक आणि छापील साहित्य इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक भाषेत असावे लागते. कर्नाटकात प्रादेशिक भाषा म्हणजे कन्नड. त्यामुळे मराठी त्यात बसत नाही. पण हिंदी तर बसते, आणि तिची लिपी आपलीच आहे. हिंदी फॉर्म मागा. चेक हिंदीत लिहिता येतो, तोही लिहा. बँकेने तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते आणि १४४४८ या क्रमांकावर मराठीतही माहिती मिळते.

तरीही हा तोडगा झाला, न्याय नव्हे. ज्या शाखेचे बहुसंख्य खातेदार मराठी आहेत, तिथे कोड बदलल्याची आणि नाव पाहण्याच्या सोयीची सूचना मराठीत लावायला बँकेला कोणताही कायदा आडवा येत नाही. एका कागदाचे काम आहे. त्याने कन्नडचे काही कमी होणार नाही. पण एखाद्या घराचे वर्षाचे ऊसबिल वाचेल. ग्रामपंचायती, सहकारी सोसायट्या आणि युवक मंडळांनी आपापल्या शाखाधिकाऱ्याला हे लेखी मागावे. बँक मराठी माणसाच्या ठेवी मराठीत विचारून घेते. मग त्या सुरक्षित ठेवण्याची रीतही तिने मराठीत सांगावी.