तांडा फडात, ग्राहक दिन तहसीलात

२४ डिसेंबर उजाडला की तहसीलात राष्ट्रीय ग्राहक दिनाचा फलक लागतो. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, ‘जागो ग्राहक जागो’, चहा-बिस्किटं, शेवटी फोटो. १९८६ साली याच तारखेला ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. दुसरा दिवस १५ मार्चचा, जागतिक ग्राहक हक्क दिन. १९६२ साली त्या तारखेला अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी ग्राहकांच्या हक्कांवर बोलले होते. तारखांशी आपलं भांडण नाही. पण त्या दिवसांत वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातल्या बंजारा तांड्यांवर कितीतरी घरांना कुलूप असतं. माणसं ऊसतोडीला गेलेली, नाहीतर पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर. ज्याला जागं करायचं तो कोयता घेऊन उसाच्या फडात, आणि भाषण चाललंय रिकाम्या खुर्च्यांपुढे!

हा माणूस याच तालुक्यातल्या पोहरादेवीच्या यात्रेला येतो रामनवमीला. तेलंगणातून, कर्नाटकातूनही येतो. जगदंबेला, संत सेवालाल महाराजांच्या समाधीला माथा टेकतो. उचल फिटून चार पैसे उरले असतील तर ते त्याच वेळी गाठीला असतात. ठगाला ही तारीख बरोबर ठाऊक आहे. सरकारी कॅलेंडरला नाही.

यात्रेतली पाण्याची बाटली घ्या. छापील किंमत वीस, मागणी तीसची. का? “बर्फाचे दहा.” ऊन डोक्यावर, कडेवर लेकरू, मागे रांग, बाई मुकाट्याने दहाची आणखी एक नोट काढते. एक दिवस पाणी विकलं जाईल, असं भाकीत सेवालाल महाराजांच्या नावे तांड्यातांड्यांवर सांगतात. ते खरं ठरलं, आणि त्यांच्याच दारी पाणी छापील किमतीपेक्षा महाग विकलं जातं! बाटली उलटी करा, किंमत वाचा. तिच्यात सगळे कर धरलेले असतात. दुकानदाराला त्यावर एक रुपयाही घेता येत नाही, बर्फाच्या नावानेही नाही.

इथल्या नंगाऱ्याच्या आकाराच्या संग्रहालयात आपण समाजाचा वारसा बघायला जातो. मग हेही आठवू या, की आपले पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर लदेणी करत. मापात आणि भावात त्यांना कोण फसवणार होतं? त्यांची नातवंडं आज काट्यावरचा पडताळणीचा शिक्का बघायला संकोचतात.

यात्रा उलगडली की पेरणी. कृषी केंद्रात युरिया मागितला तर सोबत नको असलेली बाटली गळ्यात मारतात. लिंकिंग म्हणतात त्याला, आणि अशी सक्ती कायद्याला मान्य नाही. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून राज्यभर तक्रारी झाल्या. पंचनाम्याच्या वेळी पहिला प्रश्न येतो, पक्की पावती कुठे आहे? म्हणून कच्च्या चिठ्ठीवर बियाणं घेऊच नका. पिशवी, टॅग आणि मूठभर बी जपून ठेवा. उगवलं नाही तर लगेच तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. बियाणं घेणारा शेतकरी ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली स्पष्ट केलं आहे.

आणि पैसे काढतानाचा अंगठा! लाडक्या बहिणीचा हप्ता काढायला गेलेल्या बाईला “उमटला नाही, पुन्हा ठेव” म्हणतात. पुन्हा ठेवण्याआधी पहिल्या वेळची पावती मागा. पैसे गेलेच तर रडत घरी येऊ नका, त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन लावा; उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत पांगते.

मालाची, दुकानदाराची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर. तिथे भागलं नाही तर वाशिमचा जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षांची. २०१९ च्या कायद्याने आणखी एक मोठी सोय केली: राहत्या जिल्ह्यात दावा लावता येतो. कोल्हापुरात घेतलेल्या मोबाइलचा दावा वाशिमला चालतो. हंगामावर जाणाऱ्यांसाठी याहून कामाचं कलम नाही, आणि फलकावर नेमकं तेच कधी दिसत नाही.

प्रशासनाला सांगणं आहे: डिसेंबरचा फोटो खुशाल काढा, पण वैध मापन शास्त्राचे निरीक्षक यात्रेत उतरवा, गोरबोलीत बोलणारा माणूस टेबलावर बसवा. मात्र त्यांची वाट बघत बसायचं कारण नाही. आधी जाणून घ्या, पारखून घ्या, मगच माना, ही महाराजांचीच शिकवण. ती बाजारात का थांबते?

नायकहो, कारभाऱ्यांनो, बारावी झालेल्या पोरींनो, येत्या रामनवमीला समाधीच्या वाटेवर एक टेबल मांडा. त्यावर मोबाइल, वही आणि शिक्क्याचा तराजू ठेवा. कुणी जादा पैसे घेतले की तिथूनच १९१५ ला फोन लावा आणि तक्रारीचा नंबर वहीत उतरवा. ती वही घेऊन तहसीलदारांकडे जा, आणि पुढचा ग्राहक दिन पोहरादेवीच्या यात्रेत घ्या असं लेखी मागा.