विश्लेषण : मोबाइलला फुल रेंज, मग वायरलेस माइकचा आवाज का तुटतो?

विजापूर रस्ता आणि होटगी रस्ता यांच्या मधल्या जुळे सोलापुरात कॅमेरा घेऊन फिरणारी मुलं आता कुणाला नवी वाटत नाहीत. कुणी रील बनवतं, कुणी यूट्यूबसाठी मुलाखत घेतं, कुणाची शॉर्ट फिल्म सुरू असते. कॉलरला छोटा वायरलेस माइक लावला की आवाजाचं काम झालं, असं वाटतं. पण एडिटिंगला बसल्यावर कळतं की नेमका महत्त्वाचा शब्दच गायब आहे, कुठे खरखर आहे, तर कुठे अर्ध्या सेकंदाची शांतता. माइक नवा, बॅटरी पूर्ण, मोबाइलला फुल रेंज. मग आवाज तुटला कुठे?

बहुतेक वेळा दोष माइकचा नसतो. माइक आणि रिसीव्हर यांच्यामधल्या हवेत काय चाललंय आणि अँटेना कुठे ठेवलाय, यावर सगळं ठरतं. ही हवेतली जागा देशभरात आकसतेही आहे. हे प्रकरण समजून घेऊ.

वायरलेस माइक नेमका चालतो कसा?

वायरलेस माइक हे एक छोटं रेडिओ केंद्रच असतं. कलाकाराच्या अंगावरचा ट्रान्समीटर आवाजाचं रूपांतर रेडिओ लहरींमध्ये करतो आणि कॅमेऱ्यावरचा किंवा साउंड रेकॉर्डिस्टच्या बॅगेतला रिसीव्हर त्या लहरी पकडतो. मोबाइल नेटवर्कशी त्याचा काहीही संबंध नसतो.

बाजारात प्रामुख्याने दोन प्रकार दिसतात. रील आणि यूट्यूबसाठी वापरले जाणारे छोटे माइक बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. हा पट्टा भारतात परवानामुक्त आहे, म्हणून स्वस्त आणि सोपा. चित्रपट आणि मालिकांचे साउंड रेकॉर्डिस्ट मात्र शक्यतो यूएचएफ माइक वापरतात. ते साधारण ४७० ते ७०० मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे पूर्वी दूरदर्शनच्या प्रक्षेपणासाठी ठेवलेल्या पट्ट्यात चालतात.

मोबाइलला रेंज आहे, मग माइकला का नाही?

पहिलं कारण ताकदीचं. अंगावरच्या यूएचएफ ट्रान्समीटरची ताकद सहसा ५० मिलिवॅटच्या आसपास असते. मोबाइल टॉवर त्याच्या शेकडो पट ताकदीने प्रक्षेपण करतो आणि तोही उंचावरून.

दुसरं कारण वेळेचं. मोबाइलवर व्हिडिओ बघताना एखादा तुकडा हरवला तर फोन तो पुन्हा मागवतो. आपल्याला पत्ताही लागत नाही. माइकला ही सवलत नाही. आवाज काही मिलिसेकंदांत पोहोचला तरच उपयोग. तो तुकडा हरवला की शब्द गेला. ॲनालॉग माइकमध्ये अशा वेळी खरखर ऐकू येते, डिजिटलमध्ये थेट शांतता.

तिसरं कारण गर्दीचं. २.४ गिगाहर्ट्झचा अख्खा पट्टा जेमतेम ८३.५ मेगाहर्ट्झ रुंद आहे. त्यात वायफायचे एकमेकांना न अडवणारे तीनच चॅनेल नीट बसतात. एका अपार्टमेंटमध्ये प्रत्येक फ्लॅटचा एक राउटर धरा, त्यात ब्लूटूथ हेडफोन, स्मार्ट टीव्ही, ड्रोनचा रिमोट मिळवा. हे सगळे त्याच अरुंद गल्लीतून चाललेत. नव्या डिजिटल माइकना गर्दी दिसली की फ्रिक्वेन्सी बदलता येते. पण सगळीकडेच गर्दी असेल तर बदलून जाणार कुठे?

म्हणूनच मोकळ्या माळावर शंभर मीटर चालणारा माइक बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये पंधरा मीटरवर दम तोडतो. खोक्यावर छापलेली रेंज मोकळ्या मैदानातली असते, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही.

वाटेत सिग्नल कोण खातं?

सगळ्यात मोठा अडथळा म्हणजे माणसाचं शरीर. शरीरात पाण्याचं प्रमाण जास्त आणि पाणी रेडिओ लहरी शोषून घेतं. २.४ गिगाहर्ट्झवर हे नुकसान यूएचएफपेक्षा जास्त होतं. ट्रान्समीटर कमरेला मागे खोचला आणि कॅमेरा समोर असला, तर सिग्नलला अख्खं शरीर ओलांडून किंवा वळसा घालून यावं लागतं. कलाकार वळला की आवाज तुटतो किंवा जोडला जातो, तो यामुळेच. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या गर्दीत शूट करताना तर मध्ये शेकडो शरीरं असतात आणि प्रत्येकाच्या खिशात एक फोन.

दुसरा अडथळा म्हणजे परावर्तन. सिमेंटच्या भिंतीतल्या सळ्या, पत्र्याचं शेड, उभ्या गाड्या यांवर आदळून लहरी परत येतात. संभाजी तलावाच्या काठावर शूटिंग केलं तर पाण्याचा पृष्ठभागही हेच करतो. थेट आलेली लहर आणि आदळून आलेली लहर उलट्या तालात भेटल्या की एकमेकींना पुसून टाकतात. अशा 'मेलेल्या' जागा काही सेंटिमीटर अंतरावर बदलतात. कलाकार एक पाऊल सरकला की आवाज परत येतो, यात जादू काही नाही.

यावर उपाय म्हणून चांगल्या रिसीव्हरला दोन अँटेना असतात. एका अँटेनाच्या जागी सिग्नल मेला तरी दुसऱ्याच्या जागी तो जिवंत असण्याची शक्यता मोठी असते आणि रिसीव्हर दोन्हींतून चांगला सिग्नल निवडतो किंवा दोन्ही जोडतो. याला डायव्हर्सिटी म्हणतात. मात्र दोन्ही अँटेना एकमेकांना चिकटवले तर त्याचा उपयोग उरत नाही. ५०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ६० सेंटिमीटर असते. अँटेनांमध्ये किमान तिच्या चौथ्या हिश्शाएवढं, म्हणजे १५ सेंटिमीटर अंतर हवं. दोन्ही सरळ उभे ठेवण्यापेक्षा इंग्रजी 'व्ही'सारखे तिरके ठेवले तर अंगावरचा ट्रान्समीटर आडवा-तिडवा झाला तरी एक ना एक अँटेना त्याला नीट पकडतो.

अँटेना कुठे ठेवायचा?

यातला सगळ्यात महत्त्वाचा नियम फुकटचा आहे : रिसीव्हर कलाकाराच्या जवळ न्या. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की पोहोचणारी ताकद चौथ्या हिश्शावर येते. उलट अंतर निम्मं केलं तर ताकद चौपट होते. हजारो रुपयांचा अँटेना जे देतो, ते अनेकदा दहा पावलं पुढे जाऊन मिळतं.

दुसरा नियम उंचीचा. रिसीव्हर जमिनीवर, खुर्चीखाली किंवा गाडीच्या डिकीत असेल तर अँटेना आणि ट्रान्समीटरमध्ये सरळ नजर पोहोचत नाही. डोक्याच्या वर, स्टँडवर लावलेला अँटेना गर्दीच्या वरून बघतो.

तिसरा नियम शेजाऱ्यांचा. कॅमेऱ्यावरून दिग्दर्शकाच्या मॉनिटरपर्यंत चित्र पाठवणारा वायरलेस व्हिडिओ ट्रान्समीटर, एलईडी लाइट, लॅपटॉप, वॉकीटॉकी आणि फोन यांच्याजवळ रिसीव्हर ठेवला तर लांबून येणारा माइकचा नाजूक सिग्नल त्या गोंगाटात बुडतो. ही उपकरणं आणि अँटेना यांच्यात दोन-तीन मीटर अंतर ठेवलं तरी मोठा फरक पडतो.

मोठा अँटेना घेतला की प्रश्न सुटतो का?

चित्रपटाच्या सेटवर स्टँडला लावलेले माशाच्या परासारखे दिसणारे चपटे काळे अँटेना अनेकांनी 'बिहाइंड द सीन्स' व्हिडिओत पाहिले असतील. हे दिशादर्शी अँटेना. ते एका बाजूचा सिग्नल जास्त पकडतात आणि मागच्या बाजूचा कमी. म्हणजे त्यांचं तोंड कलाकारांकडे आणि पाठ मोबाइल टॉवरकडे केली तर दुहेरी फायदा. तोंड चुकीच्या दिशेला गेलं तर मात्र टॉवरचाच गोंगाट जास्त येतो.

इथे आणखी एक खाच आहे. अँटेना लांब नेला की केबलही लांब होते आणि केबल सिग्नल खाते. सर्रास मिळणाऱ्या आरजी-५८ केबलच्या १० मीटरमध्ये यूएचएफची साधारण निम्मी ताकद गळते. मोठ्या अँटेनाने कमावलेलं केबलने घालवलं, असं होतं. म्हणून केबल आखूड ठेवायची, किंवा कमी गळतीची जाड केबल घ्यायची. अँटेनाजवळ ॲम्प्लिफायर लावण्याचाही पर्याय असतो, पण तो माइकच्या सिग्नलसोबत गोंगाटही वाढवतो. गरजेपेक्षा जास्त वाढवलं तर रिसीव्हर गुदमरतो.

माइक दोनपेक्षा जास्त असतील तर आणखी एक गणित येतं. ५०० आणि ५०१ मेगाहर्ट्झवरचे दोन ट्रान्समीटर जवळ आले की त्यांच्या मिश्रणातून ४९९ आणि ५०२ वर भुताटकीचे सिग्नल तयार होतात. तिसरा माइक नेमका ५०२ वर असेल तर त्याचा आवाज खराब होणार. त्यामुळे फ्रिक्वेन्सी समान अंतराने लावायच्या नसतात. हे गणित करून देणारी ॲप्स आणि रिसीव्हरमधली स्कॅनची सोय यासाठीच असते.

हवेतली जागा कमी का होतेय?

इथपर्यंतचे उपाय सेटवरच्या लोकांच्या हातात आहेत. पुढचा प्रश्न धोरणाचा आहे. माइक ज्या यूएचएफ पट्ट्यात राहतात, तिथे मोबाइल कंपन्यांना आणि नव्या प्रसारण सेवांना जागा हवी आहे.

२०२२ च्या ५जी लिलावात रिलायन्स जिओने देशभरासाठी ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा घेतला. त्यामुळे ७०३ मेगाहर्ट्झच्या वर चालणारे जुने माइक मोबाइल सेवेच्या वाटेत आले. त्याच लिलावात ६०० मेगाहर्ट्झचा पट्टाही, म्हणजे ६१२ पासून वरचा भाग, विक्रीला होता. त्याला कुणी बोली लावली नाही. पण तो मोबाइलसाठी ठरलेला आहे, हे त्यातून स्पष्ट झालं.

खालच्या बाजूला 'डायरेक्ट टू मोबाइल' म्हणजे इंटरनेटशिवाय थेट फोनवर टीव्ही दाखवण्याची योजना आहे. जानेवारी २०२४ मध्ये तत्कालीन माहिती व प्रसारण सचिव अपूर्व चंद्रा यांनी ४७० ते ५८२ मेगाहर्ट्झचा पट्टा त्यासाठी राखून ठेवण्याची बाजू मांडली होती. या दोन्ही गोष्टी प्रत्यक्षात आल्या तर मध्ये उरतो तो ५८२ ते ६१२ चा अवघा ३० मेगाहर्ट्झचा तुकडा.

परदेशात हे आधीच घडलंय. अमेरिकेत वायरलेस माइकना जून २०१० मध्ये ७०० मेगाहर्ट्झ आणि जुलै २०२० मध्ये ६०० मेगाहर्ट्झच्या बहुतांश भागातून बाहेर काढलं गेलं. तिथून किंवा कुठूनही 'स्वस्तात' आलेला सेकंडहँड सेट घेताना तो कोणत्या फ्रिक्वेन्सीचा आहे, हे आधी बघायला हवं.

मात्र पट्टा राखीव झाला म्हणजे प्रत्येक गावात तो पूर्ण भरलाच, असं नसतं. एका शहरात प्रसारणाचे मोजके चॅनेल चालतात, बाकीचे रिकामे असतात. ब्रिटनमध्ये ऑफकॉम ही नियामक संस्था अशा रिकाम्या जागांसाठी ठिकाण आणि तारखेनुसार माइकचे परवाने देते. भारतातही असा मार्ग काढता येईल. त्यासाठी स्पेक्ट्रमच्या चर्चेत आवाजाचं काम करणाऱ्यांनाही जागा मिळायला हवी.

एवढं करण्यापेक्षा डबिंग का नको?

डबिंग हा पर्याय आहेच. हिंदी आणि मराठी सिनेमा कित्येक दशकं त्यावरच चालला. पण सोलापूरच्या मराठीत कन्नड, तेलुगू आणि उर्दूचा लहेजा मिसळलेला असतो. 'सैराट'ने २०१६ मध्ये करमाळ्याकडची बोली राज्यभर पोहोचवली. अशा सिनेमांत अनेकदा कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदाच उभी राहिलेली गावातली माणसं असतात. रानात, धापा टाकत बोललेलं वाक्य त्यांनी सहा महिन्यांनी बंद स्टुडिओत पुन्हा तसंच बोलावं, ही अपेक्षा अवघड आहे.

लोकेशनवरच्या आवाजाची ताकद मराठी सिनेमाने दाखवलीही आहे. या कामाचं राष्ट्रीय पारितोषिक 'ख्वाडा'साठी महावीर सब्बनवाल यांना, तर 'तेंडल्या'साठी गौरव वर्मा यांना मिळालं. पुढे २०२२ मध्ये हेच पारितोषिक 'डोळ्ळू' या कन्नड चित्रपटाला जाहीर झालं, तेव्हा तो सिंक साउंडचा नसून डब केलेला असल्याचं त्याच्याच साउंड डिझायनरने जाहीरपणे सांगितलं आणि मोठा वाद झाला. २०२४ मध्ये पुरस्कारांची फेररचना झाली. ध्वनीचे तीन उपविभाग जाऊन फक्त साउंड डिझाइनचा एकच पुरस्कार उरला. लोकेशनवर उन्हात उभं राहून आवाज टिपणाऱ्याचा स्वतंत्र सन्मान त्यात संपला.

शूटिंगआधी काय तपासावं?

• ज्या वेळी शूट आहे त्याच वेळी, त्याच जागी जाऊन स्कॅन करा. सकाळी रिकामा असलेला पट्टा संध्याकाळी भरलेला असू शकतो.
• ट्रान्समीटर शरीराच्या त्याच बाजूला लावा, ज्या बाजूला रिसीव्हर आहे. त्याचा अँटेना दुमडू नका, घामाने ओला होऊ देऊ नका.
• टेकआधी कलाकाराला पूर्ण जागेत चालायला लावा आणि हेडफोनवर ऐका.
• कलाकाराच्या खिशातला फोन काढून ठेवा. युनिटच्या फोनचे हॉटस्पॉट बंद करा.
• माइकमध्ये अंतर्गत रेकॉर्डिंगची सोय असेल तर ती सुरू ठेवा. हवेत हरवलेला शब्द तिथे सापडतो. पण टेक चांगला झाला की नाही हे सेटवर रिसीव्हरमधूनच कळतं, त्यामुळे अँटेनाची काळजी टळत नाही.
• नवा यूएचएफ सेट घेताना फ्रिक्वेन्सी आणि भारतातली मंजुरी विक्रेत्याकडून लेखी घ्या. ७०३ मेगाहर्ट्झच्या वरचा सेट टाळा.
• शक्य तिथे बूम माइक केबलने जोडा. वायरला ना वायफाय अडवतं, ना लिलाव.