सोयाबीन आपण पेरतो, इकतो, खात मात्र नाही



काल सोयाबीन इकून आलो. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव ५,३२८ रुपये. मले मिळाले ४,०६० रुपये. ओलावा १२ टक्क्यांच्या वर म्हणून कट्टी, डागी दाणा म्हणून अजून कट्टी. पावती खिशात घालून बसस्टँडवर चहा घेत होतो, तर दोन वर्षांआधी नोएड्यात खाल्लेला टोफू आठवला. आज त्यावरच लिहितो. लांबण लागेल, पण वाचा.

झालं असं की आमच्या गटातले चौघं जण दिल्लीजवळ ग्रेटर नोएड्याले प्रदर्शन पाहायले गेलो होतो. बायोफॅक इंडिया अन् नॅचरल प्रॉडक्ट्स एक्स्पो असं त्याचं नाव. मूळ बायोफॅक जर्मनीत न्युरेंबर्गले भरते, ही त्याची हिकडची बहीण. महिना सप्टेंबरचा, शेंगा भरायचा टाइम. वावर सोडून जायले जीव होत नव्हता. पण तूरडाळीचे नमुने दाखवायचे होते, म्हणून नागपूरहून गाडी धरली.

अकोल्याले कृषी विद्यापीठाचं ॲग्रोटेक आपण डिसेंबरात पाहतोच. तिथं ट्रॅक्टर, ठिबक, बियाणं, फवारे. म्हणजे शेतकऱ्याले इकायच्या वस्तू. नोएड्यात उलटं होतं. तिथं शेतकऱ्याच्या मालापासून केलेल्या वस्तू मांडल्या होत्या अन् गिऱ्हाईक दुसरेच होते. हा फरक मले तिथं उभं राहूनच समजला.

एका स्टॉलवर पोरीनं काडीले टोचलेला कबाब पुढं केला. आमच्यातले एक भाऊ माळकरी, त्याईनं हात मागंच घेतला. पोरगी म्हणे, "अंकल, वेज है, सोया है." म्या खाल्ला. चावायले थेट मटणासारखा. माळकरी भाऊनं बी मग वास घेऊन घेऊन खाल्ला अन् म्हणाले, "मटण सोडून तीस वर्षं झाली, आता त्याची आठवण कायले करून देता?" पोरीले मराठी समजलं नाही, ते बरं झालं.

पुढं फणसाचा खिमा होता, ओटचं अन् बदामाचं 'दूध' होतं (पाकिटावर दूध लिहायची परवानगी नाही म्हणून 'पेय' लिहिलेलं), काजूचं चीज होतं, शेंगदाण्याचं दही होतं. काजूचं चीज मले जमलं नाही. शेंगदाण्याचं दही मात्र खरंच चांगलं होतं, कढी झाली असती त्याची.

हे सगळं वेगन. म्हणजे मांस-अंडं नाहीच, पण दूध, तूप, मधही नाही. हा शब्द १९४४ साली इंग्लंडात निघाला. आपल्या देशात २०२२ पासून अन्न सुरक्षा खात्याचे वेगन अन्नासाठी वेगळे नियम आहेत, वेगळं चिन्ह आहे. माह्याकडं म्हैस आहे, दूध डेअरीले जाते, त्यामुळं मी काही वेगन होणार नाही. पण गावात पोट्टे या लोकायले हसतात, ते मले पटत नाही. गिऱ्हाईकाले हसून कोणाचं दुकान चाललं?

अन् वेगन जेवण आपल्याले नवीन आहे का? ज्वारीची भाकर, तेलातला झुणका, ठेचा, आंबाडीची भाजी, तुरीच्या ओल्या दाण्याची आमटी, जवसाची चटणी. यात दुधाचा थेंब कुठं आहे? तिथं जवसाच्या भाजलेल्या दाण्यायची लहान लहान पाकिटं होती. बेकरीवाले म्हणे जवस कुटून पाण्यात भिजवतात अन् अंड्याच्या जागी केकात घालतात. माह्या बापाच्या टाइमले हरभऱ्याच्या कडेनं जवसाचे तास असायचे. आता शिवारात जवस शोधा, सापडला तर मले सांगा.

आता सोयाबीनवर येतो. गेली तीस-पस्तीस वर्षं आपण ते पेरतो, पण आपल्या ताटात ते नाही. १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी सोयाबीन जेवणात घालून पाहिलं होतं, 'हरिजन'मध्ये त्यावर लिहिलंही होतं. तरी आपल्यासाठी ते इकायचंच पीक राहिलं. एक क्विंटल गाळलं तर १८ किलोच्या आसपास तेल निघते. बाकी बहुतेक ढेप, अन् ती जाते कोंबडीच्या खाद्यात. म्हणून आपला भाव ठरतो बाहेरून येणाऱ्या पामतेलावर अन् ढेपेच्या मागणीवर. दाण्यात ३८ ते ४० टक्के प्रथिनं आहेत, तूरडाळीत २२. पण त्या प्रथिनायचा भाव आपल्याले कोणी देत नाही, कारण ती प्रथिनं आपण माणसाले इकतच नाही.

नोएड्यात दोनशे ग्रॅम टोफूचं पाकीट ऐंशी रुपयाले होतं. किलोले चारशे. मी घरी येऊन घरचीले सांगितलं. ती म्हणे, "अवो, करून तं पाहू." पहिल्या खेपेले दूध असं कचवट वासाचं झालं की म्हशीनंही तोंड फिरवलं. दुसऱ्या खेपेले शिकलो. दाणा आठ तास भिजवा, चोळून टरफल काढा, थंड नाही तर उकळत्या पाण्यासोबत वाटा, अन् गाळून ढवळत ढवळत वीस मिनिटं उकळा. लिंबू पिळून फाडलं, फडक्यात बांधून वर पाटा ठेवला. एक किलो दाण्यातून सव्वा किलो टोफू निघाला. उरलेला चोथा बेसनात मिसळून वडे केले, पोट्ट्यायनं टोफूच्या आधी तेच संपवले. एक गोष्ट ध्यानात ठेवा: पेरणीसाठी औषध लावलेलं बियाणं चुकूनही वापरू नका, अन् कच्चं सोयाबीन खाऊ नका.

आता हिशोब. चाळीस रुपयाच्या दाण्याचे पाचशे रुपये. वाचून खुश होऊ नका. घरचा टोफू पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये चार-पाच दिवस टिकते, अन् आमच्याकडं लाइन कवा जाईल त्याचा भरोसा नाही. पॅकिंग, परवाना, गाडी, न खपलेला माल, हे सगळं त्या पाचशेतच आहे. बाजूच्या गावात एका बचत गटाले अनुदानावर सोया दुधाची मशीन मिळाली. ती आज ताडपत्रीखाली आहे. मशीन कशी चालवायची हे बायायले शिकवलं, माल कोण घेईल हे कोणी सांगितलं नाही. शिकायले जागा आहेत, भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेत सोयाबीन प्रक्रियेचं प्रशिक्षण मिळते. पण माह्या मते आधी गिऱ्हाईक अन् मग मशीन. अमरावती हे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं गाव. तिथं आज गल्लीगल्लीत जिम आहे. माहा पुतण्या महिन्याले प्रोटीन पावडरीवर किती घालवते ते इथं लिहीत नाही, घरात भांडण होईल. हॉस्टेलं आहेत, मेस आहेत. दिल्लीच्या आधी हे गिऱ्हाईक आपल्या एसटीच्या तिकिटात आहे.

दुसरं सांगणं कृषीवाल्या साहेबांले. तुमचा मान राखूनच बोलतो. अमरावतीच्या प्रादेशिक संशोधन केंद्रानं सुवर्ण सोया अन् पीडीकेव्ही अंबा दिले, आम्ही पेरले, उतारा चांगला आला. पण वाण निवडताना तुम्ही आम्हाले एकरी क्विंटल सांगता, दिवस सांगता, शेंगा फुटतात का ते सांगता. दाणा माणसाच्या पोटाले कसा, हे कवाच सांगत नाही. सोयाबीनमध्ये कुनिट्झ ट्रिप्सिन इनहिबिटर असते, ते प्रथिनं पचू देत नाही, म्हणून इतकं उकळावं लागते. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेनं एनआरसी १२७ काढला, त्यात हा घटक नाही. एनआरसी १४२ मध्ये तोही नाही अन् कचवट वास आणणारं लिपॉक्सिजिनेज-२ देखील नाही. हे आपल्या काळ्या जमिनीत कसे येतात, पिवळा मोझॅक किती झेलतात, सततच्या पावसात शेंगेत कोंब येतात का, याचे आकडे शेतकऱ्याच्या वावरातले पाहिजेत. अन् असा दाणा वेगळा मळला, वेगळा ठेवला तर बाजारात त्याले वेगळा भाव कोण देईल, हेही शोधा. नाही तर तो बी त्याच ढिगात जाईल अन् त्याच ओलाव्यात कटेल.

आमच्या गटानं ठरवलं आहे की येत्या खरिपात चौघांनी अर्धा-अर्धा एकर असा वाण घ्यायचा अन् दाणा तेल मिलले न देता घरी अन् दोन मेसले द्यायचा. एका मेसवाल्याशी बोलणं झालं आहे, तो आठवड्याले पाच किलो टोफू घेऊन पाहतो म्हणाला. भाव अजून ठरला नाही. माहा अर्धा एकर विहिरीजवळचा आहे. एनआरसी १४२ चं पंधरा किलो खात्रीचं बियाणं कोणाकडं असेल, नाही तर कुठं मिळते ते माहीत असेल, तर खाली लिहा.