पासबुकात पैसे नसतात

गेली वीस वर्षे बँकेच्या खिडकीत बसून मी लोकांना सांगतो आहे, की अहो, पासबुकात पैसे नसतात, नोंदी असतात! व्हिडिओ एडिटिंगचा प्रोजेक्ट म्हणजे तंतोतंत पासबुक. चित्रण राहते हार्ड डिस्कवर. प्रोजेक्टमध्ये फक्त कुठल्या फाइलचा कुठून कुठवरचा तुकडा घ्यायचा, ही नोंद. फोल्डर हलवला की नवरा-नवरीच्या जागी पाटी : 'मीडिया ऑफलाइन'. त्याबद्दल तक्रार नाही. तिजोरी हलवली तर आमचेही तेच होईल.

पण आमच्या अंबडच्या खिडकीत कुठल्याही बँकेचा चेक चालतो. मग एका सॉफ्टवेअरचा प्रोजेक्ट दुसऱ्यात का वटू नये? भाचीच्या लग्नाचे काम अर्ध्यावर दुसऱ्या स्टुडिओत न्यावे लागले. एक्सएमएल नावाच्या मध्यस्थाने कट तेवढे पोचवले; रंग, नावांच्या पाट्या, इफेक्ट सगळे वाटेत गळले. भाचीचा शालू पांढराफटक! म्हणे, प्रत्येकाचे रंगाचे गणित वेगळे. असेल बुवा. पण साधी अक्षरेही? गिऱ्हाईक पळू नये म्हणून घातलेले हे कुंपण आहे, दुसरे काही नाही. 2011 साली तर फायनल कट प्रो एक्सला त्याच्याच थोरल्या भावाचे, फायनल कट प्रो सातचे, प्रोजेक्ट उघडेनात!

इथून जवळच, पांडवलेण्यांच्या पायथ्याशी, फाळके स्मारक आहे. दादासाहेबांनी 1913 साली फिल्म कापली ती कात्रीने. ही पट्टी आमच्याच कात्रीने कापा, असे कुठला कात्रीवाला म्हणाला नाही.

रिझर्व्ह बँकेने 2010 साली सगळ्या चेकांना एक नमुना ठरवून दिला. एकही बँक त्यापायी बुडाली नाही. तोवर तुम्ही स्टुडिओ बदलताना मूळ चित्रण आणि झाले तेवढ्याची तयार प्रत, दोन्ही मोजून घ्या. खिडकी सोडल्यावर तक्रार चालत नाही.