काळ्या काचेची भुरळ
पारख : जानेफळकर

जानेफळात बर्फ पडत नाही, गारा पडतात. त्या पडल्या की गावात पंचनाम्याशिवाय दुसरा विषय नसतो. तरी या आठवड्यात बर्फावरच्या गॉगलविषयी लिहायची पाळी आली, कारण आमच्या गल्लीतली पोरं मनालीला स्कीइंग शिकायला निघाली आहेत. तिथल्या अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेचे हिवाळी वर्ग सोलंगच्या उतारांवर भरतात. थर्मल, हातमोजे, कानटोपी ही जमवाजमव खामगावच्या बाजारात झाली. गाडी अडली ती गॉगलवर. एकानं मोबाइल माझ्यापुढं धरला. "काका, एका फ्रेमवर पाच काचा हायेत पाहा. एक फुटली तं दुसरी लावता येते."

बदलायच्या काचा फुटतुटीची सोय म्हणून दिलेल्या असतात, असं बऱ्याच जणांना वाटतं. त्या असतात उजेडासाठी. डोंगरावरचा उजेड दिवसातून दोन-तीनदा पालटतो आणि एकच काच त्या सगळ्याला पुरी पडत नाही.

सकाळी आभाळ स्वच्छ असतं. सोलंग समुद्रसपाटीपासून सुमारे 2500 मीटरवर. दर 1000 मीटर चढलं की अतिनील किरणांची तीव्रता साधारण 10 टक्क्यांनी वाढते. वरून येतात तेवढे कमी म्हणून खालूनही येतात : जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार समुद्रकाठची कोरडी वाळू 15 टक्क्यांच्या आसपास अतिनील किरणं परतवते, तर ताजा बर्फ 80 टक्क्यांपर्यंत. म्हणजे टोपीची झालर ओढून भागत नाही. सियाचिनला राहून आलेले आमच्याकडचे एक माजी सैनिक सांगतात, की डोळे भाजल्याचं त्या वेळी कळतच नाही. रात्री झोपायच्या वेळेला पापण्यांखाली वाळू भरल्यासारखं होतं, पाणी वाहतं, दिव्याकडं पाहवत नाही. हा हिमांधत्वाचा त्रास. बहुधा दिवस-दोन दिवसांत उतरतो, पण ते दिवस माणूस खोलीत अंधार करून पडून असतो.

यावरचा सगळ्यात जुना इलाज उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांचा. हाडाची किंवा लाकडाची पट्टी आणि तिला डोळ्यांपुढं आडवी बारीक फट. काच नाही, त्यामुळं वाफ धरायचा प्रश्न नाही. आजच्या पाच आकडी किमतीच्या गॉगललाही हे शंभर टक्के साधलेलं नाही.

आता दुपार. पश्चिमेकडून विक्षोभ सरकतो, ढग येतात. (हाच पश्चिमी विक्षोभ आपल्याकडच्या बंगालच्या उपसागरावरून येणाऱ्या दमट वाऱ्यांशी गाठ घालतो तेव्हा फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भात गारा पडतात. 2014 साली हरभरा आणि गहू कसा झोपला होता, ते इथं कुणाला सांगायला नको.) तर ढग आले की उजेड एका बाजूनं न येता चहूकडून येतो आणि सावली नाहीशी होते. बर्फावर सावली नसली की खड्डा आणि उंचवटा ओळखायचा कशावरून? पांढऱ्या ताटात सांडलेलं मीठ शोधावं, तशी गत. शिकाऊ माणूस पडतो तो बहुतेक अशा उजेडात, आणि नेमकी त्याच वेळी सकाळची काळी काच त्याच्या डोळ्यांवर असते.

म्हणून माझं सरळ मत : दोन काचांत पैसे टाकायचे असतील, तर फिक्या काचेवर आधी टाका. काळी काच बरी-वाईट कुठंही मिळते. ढगाळ उजेडातली चांगली काच, म्हणजे पिवळी, केशरी किंवा गुलाबी झाक असलेली, ही खरी कारागिरी. ती निळा प्रकाश छाटते, त्यामुळं उरलेल्या उजेडात बर्फाचे उंचसखल फरक थोडे उठून दिसतात. थोडेच. दाट धुक्यात कुठलीही काच चमत्कार करत नाही, तिथं थांबणंच बरं.

आपल्याकडं गॉगलची पारख काळेपणावर होते. जत्रेतल्या स्टँडपासून तालुक्याच्या दुकानापर्यंत गिऱ्हाईक गॉगल उन्हाकडं धरून पाहतं आणि जितकं कमी दिसेल तितकं खूश होतं. वरून 'मर्क्युरी' असली, म्हणजे आरशासारखी चकाकणारी, तर मग विचारूच नका. काळेपणाचा आणि अतिनील किरणांचा संबंध मात्र लागेलच असं नाही. पॉलिकार्बोनेटची काच पाण्यासारखी स्वच्छ असली तरी जवळपास सगळे अतिनील किरण अडवते. उलट हलक्या प्लास्टिकला नुसता काळा रंग दिलेला असेल तर काळोखामुळं बाहुली मोठी होते आणि नको ते किरण आत जायला दार अधिकच उघडतं.

पाहायचा असतो तो आकडा. किती टक्के उजेड आत येतो, त्यावरून गॉगलच्या मानकात काचांचे S0 ते S4 असे वर्ग केलेले आहेत. S3 म्हणजे 8 ते 18 टक्के, लख्ख उन्हासाठी. S2 म्हणजे 18 ते 43, अधल्यामधल्या उजेडासाठी. S1 म्हणजे 43 ते 80, ढगासाठी. S0 जवळपास पारदर्शक, संध्याकाळची. S4 मध्ये 3 ते 8 टक्केच उजेड येतो. ती उंच हिमशिखरांवर जाणाऱ्यांची काच आहे आणि ती लावून गाडी चालवू नये, असं त्या मानकातच म्हटलं आहे. चांगल्या गॉगलवर हा वर्ग काचेच्या कडेला किंवा खोक्यावर छापलेला असतो. पोरानं दाखवलेल्या पाच काचांवर एकही आकडा नव्हता. काळी, निळी, हिरवी, लाल, पिवळी, एवढंच वर्णन. मी नको म्हणालो.

"मंग कोणता घिऊ?"

एकच काच परवडत असेल तर S2, तीस टक्क्यांच्या आसपासची. दोन परवडत असतील तर S3 आणि S1. तिसरीच्या भानगडीत शिकाऊ माणसानं पडू नये.

उन्हात आपोआप गडद होणारी फोटोक्रोमिक काच एकटीच सगळं काम करेल, असं दुकानदार सांगतो. करते, पण तिच्या चालीनं. थंडीत ती गडद जास्त होते आणि फिकी व्हायला वेळ लावते. उन्हातून देवदाराच्या सावलीत शिरणाऱ्याला तेवढा वेळ नसतो.

काच बदलायची रीतही विकत घेण्याआधी हातानं करून पाहावी. जुन्या पद्धतीत फ्रेम वाकवून काचेचे कान खाचेतून एकेक करून काढावे लागतात. हॉटेलच्या खोलीत ते जमतं. उतारावर, उणे तापमानात, जाड हातमोजे घालून जमत नाही. मोजे काढले तर बोटं बधिर होतात आणि काचेवर अंगठ्याचा ठसा उमटतो. चुंबकाची काच एका हातानं निघते आणि बसते, पण किंमत तिथंच वाढते. खटक्याची पद्धत या दोन्हींच्या मधली. दुकानात मिळतील ते जाड मोजे घालून दोनदा काच काढून बसवा. दुकानदार हसला तर हसू द्या. हे सगळं हाताळून पाहायचं तर नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावं लागतं, आणि तिथंही बर्फाचा माल मोजकाच असतो. काहीच जमलं नाही तर मनालीत भाड्यानं मिळतो. फक्त आतली काच ओरखडलेली नाही ना, तेवढं उजेडाकडं धरून पाहावं.

आतल्या काचेचं कारण असं, की चांगल्या स्की गॉगलला दोन पापुद्रे असतात आणि मध्ये हवा कोंडलेली असते, म्हणून वाफ कमी धरते. अमेरिकेतल्या बॉब स्मिथ नावाच्या दातांच्या डॉक्टरानं 1960 च्या दशकात ही दुहेरी काच घडवली. डोळ्यांचं दुखणं दातवाल्यानं काढलं! त्या आतल्या पापुद्र्यावर वाफ न धरणारा लेप असतो. तो रुमालानं पुसला की निघालाच. बर्फ आत गेला तर गॉगल झटकायचा आणि आपोआप वाळू द्यायचा. चढताना घामेजल्या कपाळावर चढवून ठेवायचा नाही, तिथंच तो वाफ धरतो. चष्मेवाल्यानं चष्म्यावरून बसणारा, कडेला खाचा असलेला मागून घ्यावा.

बर्फाकडं कधीच न जाणाऱ्यांसाठीही दोन शब्द, कारण तीन काचांचे गॉगल हल्ली आपल्याकडं मोटारसायकलवाले सर्रास घेतात. पहाटे दूध घेऊन मेहकरला जाणाऱ्याला धूळ आणि किडे अडवायला पारदर्शक काच, दुपारी S3, इतपत ठीक. पण रात्री पिवळी काच लावली की समोरच्या ट्रकचा झोत सोसतो, ही समजूत सोडा. हार्वर्डशी जोडलेल्या संशोधकांनी 2019 साली ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर हे तपासलं. पिवळ्या काचेनं रस्त्यावरचा माणूस लवकर दिसण्यात काहीच फायदा झाला नाही. अंधारात उजेड आधीच थोडा, त्यातला आणखी छाटून दिसणार काय?

पोरांनी शेवटी दोन काचांचा, खटक्याचा गॉगल मागवला आहे. चौघांत दोन. आळीपाळीनं घालणार म्हणतात. उतारावर मात्र चौघं एकदमच निघणार, आणि त्या वेळी गॉगल कुणाच्या डोळ्यांवर असायचा, यावरून आमच्या ओट्यावर आत्तापासूनच भांडण जुंपलं आहे.